दुपारी बोलणारी

त्या दुपारी न झोपता मी ब्लाऊजचं कापड कापत होते. कोऱ्हाळ्यातलं आमचं घर उसाच्या कडेला. जेवणं झाली की पाचटाच्या सळसळीशिवाय कसला आवाज नसतो. आतल्या खोलीत सासूबाई पडून होत्या, मेहबूबबी अम्मी. लकव्यानं उजवं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. इरफान, माझा नवरा, बारामतीला दुकानावर.

मोबाईलमधल्या एआय मदतनिसाला मी दिवसभर काहीबाही विचारायची. अम्मींच्या गोळ्या, कापडाची मापं, संध्याकाळचं कालवण. बोलून विचारायचं, तो बोलून सांगायचा. घरात उत्तर देणारं तेवढंच एक होतं. म्हणून सहज म्हटलं, "इतके दिस माझं ऐकतोयस. सांग बरं, ही फरहत कशी बाई हाय?"

"दोघींपैकी कोणाबद्दल सांगू?"

मला हसू आलं. "दोघी कोण?"

"सकाळी तुम्ही घाईत असता, चिडताही. पण पहिला प्रश्न अम्मींचाच असतो. स्वतःसाठी तुम्ही कधी काही विचारलेलं नाही. दुपारी बोलते ती सावकाश बोलते. तिला कुणाची माया नाही. आवाज मात्र दोघींचा एकच आहे."

कात्री हातातच राहिली.

"दुपारी तर मी... झोपलेली असते."

"हो. तीही तेच सांगते. फरहत झोपलीय, हळू बोल, म्हणते."

कुठूनतरी आंबलेल्या रसाचा वास आला. पाचटाची सळसळ थांबली होती.

"काय... विचारते ती?"

"उशीनं श्वास कोंडला तर खूण राहते का, असं. मी सांगितलं नाही. काही त्रास आहे का, असं तिलाच विचारलं. ती हसली."

मी आत धावले. अम्मींचा श्वास चालू होता. डोळे टक्क उघडे, माझ्यावरच. जवळ जाऊन वाकले, तशी त्यांनी हलणारा तेवढा डावा हात उचलला आणि स्वतःच्या नाकातोंडावर घट्ट धरला.

संध्याकाळी इरफाननं मोबाईलमध्ये साठलेलं सगळं बोलणं ऐकलं. ऐकता ऐकता त्यानं माझ्याकडं बघायचं सोडलं.

"तुझाच आवाज हाय, फरहत..."

"मी न्हाय ओ... खरंच न्हाय."

पण माझी मलाच कुठं खात्री होती? मीच म्हणाले, अम्मींना माझ्यापासनं लांब न्या. दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांना इंदापूरला नेलं, माझ्या नणंदेकडं, सबिनाकडं. निघताना मी त्यांना हात लावला नाही. उंबऱ्यातूनच बघितलं.

तेव्हापासून दुपारी डोळा लागू देत नाही. शेजारच्या तानूबाईंना समोर बसवून घेते.

काल दुपारीही त्या समोरच होत्या. राहवेना म्हणून सबिनाला फोन लावला. मागं गिरणीची घरघर ऐकू येत होती.

"तू भाईर हायस? मग अम्मींपाशी कोण हाय?"

"असं काय करतीस भाबी?" सबिना हसली. "मी दळणाचा डबा उचलला, तर आतनं तूच म्हणालीस की... जा तू निवांत, मी बसते."