तरीचा वाटा

"दाई, ये आखिरी वाला हिस्सा किसका है?"

प्रांजलीनं विचारलंच! जसलीन आणि रोशनीनं पैज लावली होती, आणि पैज लागली की मागे हटायचं नाही, हा तिचा अलीकडचा नियम होता. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीसुद्धा ओठातल्या ओठात देणारी ही मुलगी यंदा वादविवादात पहिली आली, आणि तेव्हापासून तिचं तोंड म्हणजे उघडा नळ. भिलाईत, कोहक्यातल्या घरी बाबा म्हणायचे, "प्लांटचा भोंगा बरा. तो शिफ्टपुरता वाजते. आमची पोरगी तिन्ही शिफ्ट!"

इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी मॅडमनी वर्गाला उतईच्या पुढे, सेमरबांध्यातल्या टापूवर आणलं होतं. चारी बाजूंनी पाणी, मधे एक टेकाड आणि त्यावर केवटांची, म्हणजे नावाड्या-कोळ्यांची, मातीची घरं. बांधा म्हणजे अडवलेला तलाव; तो पहिल्यांदा भरून गाव बुडालं तेव्हा शेतीवाले काठाकडे सरकले. केवट म्हणाले, आमचं पाणी आमच्याकडे चालत आलंय, आम्ही कशाला जाऊ? आणि ते टेकाडावर चढून बसले. पण चढले ते अर्धेच केवट. उरलेल्या अर्ध्यांचं काय झालं, हे मॅडमनी दोनदा विचारलं; दोन्ही वेळा कुणीतरी चहा आणायला उठलं.

टापूवरची पोरं डोंग्यातून शाळेला जातात, बाया मासळीच्या टोपल्या घेऊन भिलाईच्या कॅम्प-१ बाजारात. वरातसुद्धा डोंग्यातूनच निघते, नवरदेवाच्या डोक्यावर छत्री धरून. आणि जाळं ओढलं की मासळी कुणा एकाची नसते. ओल्या वाळूवर ढीग लागतात, दर चुलीमागे एक. सगळ्यांनी आपापला ढीग उचलला आणि पाण्याच्या कडेला एक उरला. पैज त्याचीच होती. पैज लावणाऱ्या दोघी मात्र लांब, डोंग्यात बसून फोटो काढत होत्या.

"तरी के आय, बेटी," बिसाहिन दाई म्हणाली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई तीच.

तरी! प्रांजलीला हसूच फुटलं. तिचं घराणं भंडाऱ्याकडचं. रविवारी पोह्यांवर लालभडक, तेल तरंगणारी तरी पडली नाही तर बाबा ताट सरकवून द्यायचे. म्हणजे हा ढीग रश्श्याचा, गावजेवणाचा!

"अरे वा! फिर तो हमको भी चाहिए, दाई. तरी के बिना हमारे घर में किसी का नहीं चलता."

म्हातारीचे हात थांबले. "सच्ची? के झन हव?"

"कितने लोग? तीन. मैं, मम्मी, पापा. हमारा भी हिस्सा रख देना!"

जाळं झटकणारे दोघे जाळं हातात धरून तसेच उभे राहिले. कुणी हसलं नाही. दाईनं तो ढीग सुपात भरला, गुडघाभर पाण्यात गेली आणि सूप पालथं केलं.

मेलेले मासे तरंगतात. हे तरंगले नाहीत. एकामागून एक सरळ खाली गेले, कुणी हातानं ओढून घ्यावेत तसे.

मग रस्सा कशाचा करणार, असं प्रांजलीच्या मनात आलं. तेवढ्यात मॅडमनी हाक मारली.

एप्रिल होता. भिलाईच्या एप्रिलात वाळत घातलेला टॉवेल घरात जाऊन येईपर्यंत पापडासारखा कडक होतो. पण प्रांजलीच्या घरचे कपडे वाळेनात. शेजारच्या सिंधुताईंचे त्याच दोरीवरचे कपडे फडफडत होते, आणि ह्यांच्या बाह्यांतून टपटप पाणी.

"अव शिल्पा, पिळत नाही का व तू कपडे?" सिंधुताई ओरडल्या.

"पिळून राहिली ना," आई म्हणाली. तिनं बाबांचा शर्ट पुन्हा पिळला. पुन्हा तेवढंच पाणी निघालं. गढूळ.

बाबा ड्यूटीवरून आले की मान तिरकी करून कानावर थापटी मारू लागले. "पाणी गेलं वाटते," म्हणायचे. कुठलं पाणी? ते तर भट्टीजवळ काम करायचे. आई फोनवर मावशीला सांगत होती, "मोठं घर आहे, थंडगार. ये ना एकदा." घर तेच होतं, दोन खोल्यांचं आणि तापलेल्या पत्र्याचं.

आणि एका संध्याकाळी बाबांनी चप्पल घातली. "खाली जाऊन येतो," म्हणाले.

त्यांचं घर जमिनीला लागून होतं. त्याला खाली नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला रोशनीनं मागून टोचलं. "ए, मोर पेन तोर बेंच के तरी म गिर गे. दे ना."

"किसमें गिरा?"

"तरी में! नीचे, नीचे. छत्तीसगढ़ी है, मैडमजी. यहीं पैदा हुई और इतना नहीं आता?"

मागचा सगळा बाक हसला. प्रांजली पेन उचलायला वाकली आणि बराच वेळ बेंचखाली तशीच राहिली.

तरी म्हणजे खाली.

हा ढीग खालच्यांचा आहे, बेटी. टेकाडावर न चढलेल्यांचा. आणि ती काय म्हणाली होती? हमको भी चाहिए. तीन लोग.

घरी सांगायचं तर कसं? बोलण्यात बक्षीस मिळवलेल्या मुलीला एक वाक्य जुळवता येईना. रविवारी बाबांनीच स्कूटर काढली. "चाल, तुझं ते प्रोजेक्ट अर्धं राहिलं ना?"

तिनं त्यांना तसं सांगितलंच नव्हतं. उतई गेलं. पुढच्या फाट्यावर पाटी नव्हती, तरीही त्यांनी स्कूटर बरोबर आत वळवली.

"बाबा, तुमाले रस्ता कसा ठाऊक?"

"कावून? रोजचाच त होय."

डोंगेवाल्यानं काही न विचारता दोघांना टापूवर नेलं. नुकतंच जाळं ओढून झालं होतं. पाण्याच्या कडेला नेहमीचा ढीग होता आणि त्याच्या शेजारी तीन नवे, लहान. बाबा तिथं उकिडवे बसले, पाण्यात हात सोडला आणि हसू लागले. कुणी ओळखीचं बोलत असावं तसे मधूनच मान हलवत होते.

"तुम्हर घर लिपा गे हे, बेटी," दाई हलकेच म्हणाली. "खपरा भर बाचे हे."

घर सारवून झालंय. फक्त कौलं घालायची राहिलीत.

"दाई, मैं... गलती से बोली. हमारे में तरी मतलब रस्सा. खाने का. भाजी के ऊपर का."

दाईला हसू आलं नाही. रागही आला नाही. "हमन का करबो? जेन माँगिस, उही जा के मना करे."

ज्यानं मागितलं, त्यानंच जाऊन नको म्हणावं.

"कहाँ जाके?"

दाईनं फक्त पाण्याकडे पाहिलं.

दुपारी ते घरी आले तेव्हा लाइट गेली होती. खिडक्या बंद, पंखा बंद. आईनं तिघांची ताटं वाढली होती. कोपऱ्यात भांडी चादरीत बांधलेली.

"आई, हे काय व?"

"तिकडं गेल्यावर पहिले चूल मांडा लागन," आई म्हणाली. "जेवून घे."

"आजच निघू मंग," बाबा म्हणाले आणि कानावर थापटी मारली. "खपरा चढून जाईन तवरिक."

प्रांजली घास घ्यायला खाली वाकली आणि थांबली.

घरात वाऱ्याची झुळूक नव्हती. देवापुढची वात सरळ जळत होती. आईनं केस मोकळे सोडले होते आणि ते पाठीवर पडलेले नव्हते. ते वर उठले होते. सावकाश, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला डोलत होते.

आई शांतपणे भात कालवत होती.

प्रांजली उठून दारात उभी राहिली. आवाज स्पर्धेत निघाला होता तसाच मोठा निघाला.

"आई, बाबा, तुम्ही कुठीच जायाचं नाही. मागितलं मी होतं. आता खाली मी एकटीच जाईन, आन तिघायचंही नाही म्हणून सांगीन."