भाकरीचं मशीन

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. नंतर हसू यायचं नाही.

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, सोनालीच्या घरात घडलीय. कर्जतजवळ, कडावला. गेल्या पौषातल्या एका संध्याकाळी. खोटं सांगून मला काय मिळणार?

सोनाली खालापूरकडे एका कंपनीत पॅकिंगला जाते. नवरा नीलेश टेंपो चालवतो. घरात लेक रिया आणि सासू आनंदीबाई. तांदळाच्या भाकऱ्या थापाव्यात तर आनंदीबाईंनीच! पण वय झालं, हात कापायला लागले. पीठ ओट्यावर सांडायचं. सकाळच्या घाईत सोनालीचा पारा चढायचा.

तर बाईसाहेबांनी काय करावं? कर्जतच्या प्रदर्शनातून विजेवरचं भाकरीचं मशीन उचलून आणलं. गोळा ठेवा, झाकण दाबा, झाली भाकरी.

दाखवणाऱ्याने तिथे गव्हाच्या पोळ्या करून दाखवल्या होत्या. आमच्याकडे खातात तांदळाची. एवढं साधं हिच्या डोक्यात आलं नाही.

मशीन घरात आलं त्याच संध्याकाळी तिने सासूची भाकऱ्या थापायची लाकडी काठवट उचलली आणि पाणी तापवायच्या चुलीत घातली.

"आता तुमच्या हातांची गरज नाय, आई. मशीन हाय ना."

आनंदीबाई चुलीकडे बघत राहिल्या.

"बरं झालं गं. सुटले मी," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी झाकण दाबलं आणि भाकरीचे तुकडे तुकडे झाले. थोड्याच दिवसांत मशीन माळ्यावर गेलं. मग रोजच्या घाईघाईत लाटलेल्या चपात्या. सासू अर्धी खायची, उरलेली कोंबड्यांना टाकायची.

"आई, चुकलं माझं. उद्यापासून तुमीच थापा." हे वाक्य सोनाली कंपनीच्या बसमध्ये रोज घोकायची आणि दारात आली की गिळायची. कमीपणा वाटायचा ना!

मार्गशीर्षात आनंदीबाई गेल्या. बोलायचं राहूनच गेलं.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी तांदळाचं पीठ पसरतात. शेजारी दिवा, वर टोपली. सकाळी टोपली उचलून बघतात, पाऊल कुणाचं उमटलंय. चिमणीचं, गाईचं, ज्याचं असेल तो जन्म मिळाला म्हणायचं.

सकाळी चुलतसासू सुंदराकाकीने टोपली उचलली.

पाऊल नव्हतंच...

पिठात एक गोल होता. गोलभर बोटांचे ठसे. थापल्यासारखे.

काकीने पटकन हात फिरवून पीठ मोडलं. "कुनाला बोलू नको. जीव अडकलाय बाईचा."

कशात अडकलाय, हे सोनालीला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग आवाज सुरू झाला. भर दुपारी. सुट्टीचा दिवस, सोनाली मोरीत भांडी घासत होती.

थप्... थप्... थप्...

ती उठून स्वयंपाकघरात गेली. ओटा कोरडा. आवाज बंद.

"शेजारी कपडे धूत असतील गं," नीलेश म्हणाला.

पण डब्यातलं तांदळाचं पीठ कमी होत होतं. आणि घरात भाकऱ्या करणारं कुणीच नव्हतं...

त्यात रियाची काळजी. आजी गेल्यापासून पोर धड जेवत नव्हती. गाल बसले होते. आपल्या हट्टापायी सासू झुरून गेली, आता लेकही हातची जाते की काय, या विचाराने सोनाली आतल्या आत मरत होती.

आणि ती संध्याकाळ आली.

सोनाली कामावरून आली तेव्हा दिवेलागण झाली होती. रिया एकटीच ताटासमोर बसलेली.

"मला भूक नाय. जेवले मी."

"काय जेवलीस गं?"

"भाकरी."

ताटात पांढऱ्याशुभ्र भाकरीचा तुकडा होता. सोनालीने हात लावला.

गरम...

शेगडी मात्र थंडगार होती.

"कुनी दिली?"

"आजीनं. बाबांची झाकून ठेवलीय."

दुरडीत, फडक्याखाली, एक भाकरी. एकच.

सोनाली तिथेच मटकन खाली बसली. रिकाम्या ओट्याकडे बघून हमसून हमसून रडली. "आई, चुकलं माझं... माफ करा..."



बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसत विचारलं, "रिया, माझी कुठंय गं?"

"मी विचारलं आजीला. ती बोलली, तुझ्या आईला मशीन हाय."

रिया आता पोटभर जेवते. गाल भरलेत. रोज संध्याकाळी दोन भाकऱ्या असतात. नीलेशला वाटतं काकी देते, तो मुकाट खातो. काकीने तर त्या घरात पाऊल टाकणं सोडलंय. भगताला बोलवून त्यांना घालवावं, तर लेक पुन्हा उपाशी राहील. म्हणून सोनाली गप्प.

परवा मी न कळवता तिच्याकडे गेले. दुरडी उघडली तर...

तीन भाकऱ्या होत्या.

सोनालीने तिसरी माझ्या ताटात वाढली. मी नको नको म्हणाले.

"खा गं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी केलीय त्यांनी."

मला घास उतरला नाही. सोनाली समोर बसून सकाळची चपाती चावत होती आणि माझ्या ताटाकडे बघत होती.