पुराची बेगमी

"जयवंता, कोठीची किल्ली शालूले दे. यंदा पुराची बेगमी थेच पायन."

सासूनं, पार्बताबाईंनी, सगळ्यांच्या देखत असं म्हटलं आणि जयवंताच्या अंगाचा नुसता भडका उडाला! बारा वर्षं... अहो, बारा वर्षं! पूर आला की अकोटची एसटी आठ-आठ दिवस गावात येत नसे. त्या दिवसांचं पीठ, मीठ, डाळ, घासलेट, गोवऱ्या, सारं तिनंच तर रचून ठेवलं होतं! आणि आता ही कालची पोर, सातवी शिकलेली धाकटी जाऊ, कोठीत मिरवणार? ज्या घरासाठी आपण हाडांची काडं केली, त्यानं आपली हीच किंमत करावी ना! तिनं किल्ली शालूच्या पुढ्यात टाकली आणि तोंड फिरवलं.

शालूनं डबे घासले, त्यांवर कागद चिकटवले. जयवंता दारातून बघे आणि जळे. एकदा तिनं पाहिलं, उंदीर लागू नयेत म्हणून शालूनं सगळ्या आगपेट्या खड्या मिठाच्या मडक्यात खोचल्या. श्रावणात मिठाला पाणी सुटतं, काड्या भिजून जातात, हे गावातली कुणीही बाई सांगेल! शब्द ओठांवर आले... पण मन म्हणालं, होऊ दे फजिती महाराणीची! तिनं आपल्याजवळची एक आगपेटी तेवढी कापसाच्या गाठोड्यात लपवली. येतील माझ्याच दारी मागायला!

श्रावणात पूर आला. तिसऱ्या दिवशी छप्पर गळून चूल विझली. घर नाल्याच्या अलीकडे एकटंच. शेजारी विस्तव मागायलाही वाट उरली नाही. शालूची तान्ही लेक थंडीनं निळी पडत चालली होती आणि शालू काडीमागून काडी ओढत होती. काडीचा गुल नुसता गळून पडे!

"माय वं... माही पोर!"

त्या हाकेनं जयवंताचं काळीज फाटलं. तिनं गाठोडं उसकटलं, आगपेटी काढली, चूल पेटवली, पोरीला उराशी धरून शेकलं. पोर रडली तेव्हाच तिच्या तोंडून शब्द फुटला.

"म्या पायलं होतं शालू... मिठात आगपेट्या पायल्या अन् मुद्दाम बोलली नाई! जळत होती मी तुह्यावर!"

शालूनं फळीवरून एक डबा काढला.

"बाई, हे तुमच्या एकटीच्या वाटचं पीठ. मांगच्या पुरात तुमी तीन दिवस उपाशी राह्यल्या, अन् आमाले म्हणल्या, 'माह्यं पोट भरलं!' ह्या आत्याबाईले मीच म्हटलं, 'किल्ली मले द्या, नाई तर बाई पुन्हा उपाशी राहतीन.'"

"अन् मले काहून नाई सांगितलं वं?"

"सांगितलं असतं तर तुनं देल्ली असती किल्ली?" पार्बताबाई डोळे पुसत म्हणाल्या.

शालूनं त्याच पिठाच्या भाकरी थापल्या. आणि त्या दिवशी रडत रडत, सगळ्यांच्या आधी, जयवंता पोटभर जेवली.