भुणभुण थांबली तेव्हा

१९८३ सालच्या मोठ्या सुट्टीतली ही गोष्ट. रविवार होता. दुपारचे तीन वाजून गेले होते, आणि काकांच्या दुरुस्तीच्या दुकानात तीन मुलं एका जुन्या बास गिटारीभोवती कोंडाळं करून उभी होती.

"काल ही भुणभुणत होती ना?" शंकासुराने विचारलं.

"होती की."

"मग आज गप्प का?"

"भुणभुणली तरी तुला शंका, गप्प बसली तरी शंका!" थोरली म्हणाली. पण तिच्याही मनात तोच प्रश्न होता.

थोरली तेरा वर्षांची. शंकासुर तिचा धाकटा भाऊ, अकरा वर्षांचा. त्याला हे नाव का पडलं ते सांगायलाच नको. तिसरी शेजारची भिंगरी, दहा वर्षांची. ती एका जागी ठरायची नाही आणि तिच्या पायांत चपला कधी दिसायच्या नाहीत. सुट्टी लागली की तिघांचा मुक्काम दुकानातच. तिथे भिंतीवर ओळीने बास गिटारी टांगलेल्या असत. चार जाड तारांच्या, लांब मानेच्या. त्यांचा आवाज कानांपेक्षा पोटातच जास्त ऐकू येई.

गावातल्या बास वाजवणाऱ्यांचा एक रिवाज होता. महिन्यातून एका रविवारी सगळे एका हॉलमध्ये जमायचे आणि जुन्या गिटारींची अदलाबदल करायचे. त्याआधी आठ दिवस अदलाबदलीतल्या दोन्ही गिटारी काकांकडे यायच्या. काका स्क्रू काढून मान सोडवायचे, आतल्या लाकडावर कारागिराने पेन्सिलीने लिहिलेली तारीख वाचायचे आणि मगच म्हणायचे, "घ्या, अस्सल आहे!"

समोरच्या गिटारीत १९६१ सालची तारीख होती. मुलांची आत्या अशाच गिटारीच्या शोधात सहा वर्षं होती. दाढीवाले नावाचे एक वादक आज ती तिला देणार होते, आणि गिटारीसोबत आवाज मोठा करणारा त्यांचा जुना ॲम्प्लिफायरही. पण परवा तो ॲम्प लावताच घुंऽऽ अशी भुणभुण सुरू झाली होती. तेव्हा काकांनी त्यावर एक चिठ्ठी चिकटवली, 'उघडून बघायचा आहे. तोवर वापरू नये.' काल सकाळीही शंकासुराने गुपचूप लावून पाहिला, तर भुणभुण तशीच. काल दुपारी काका परगावी गेले, ते आज रात्री परतणार होते.

आणि आज चिठ्ठी गायब! भुणभुणही गायब!

"काकांनी जाताजाता दुरुस्त केला असेल," भिंगरी म्हणाली आणि तिने ॲम्पला जोडलेल्या गिटारीच्या जाड तारेवर बोट ठेवलं. पुढच्याच क्षणी ती किंचाळून मागे उडाली. "आई गं! चावली!"

"गिटार चावते होय?" शंकासुर हसला. त्याने तारांवर हात ठेवला. "मला तर काहीच झालं नाही. घाबरट कुठली!"

"तुझ्या पायांत रबरी चपला आहेत, शहाण्या!" थोरली ओरडली. "हात काढ! आधी हात काढ!"

तिने काकांच्या खणातून टेस्टर काढला. बटणाला वीज आहे का ते बघायचा, पोटात इवलासा दिवा असलेला स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक तिने गिटारीच्या तारेला लावलं. दिवा लागला. लालभडक!

थोरलीने बटण बंद केलं आणि प्लग ओढून काढला. टेबलाखाली काहीतरी पडलं होतं. बोटभर लांबीचा, हिरव्या तारेचा तुकडा.

"ही प्लगमधली तार," ती हळूच म्हणाली. "काका काय सांगतात? यंत्रात बिघाड झाला की वीज बाहेरच्या पत्र्यावर येते. तेव्हा ही हिरवी तार तिला जमिनीत नेऊन सोडते. ही तार तोडली तर..."

"तर ती माणसातून जाते," शंकासुराने वाक्य पुरं केलं. या वेळी त्याने प्रश्न विचारला नाही.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. "चला, चला! आवरा!" म्हणत दाढीवाले आत आले. पायांत जाड रबरी तळाचे बूट. त्यांनी गिटार पेटीत घातली आणि ॲम्प उचलला.

"थांबा!" थोरली दारात आडवी झाली. "त्यात करंट येतोय!"

"काहीतरीच! काल तासभर वाजवली मी. मला नाही कुठे करंट लागला!"

"काल? काल तर दुकान बंद होतं!"

दाढीवाले गडबडले. दुकानाची किल्ली चौकटीवर असते, हे सगळ्या वादकांना ठाऊक होतं. "अगं, ते... मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये! सरक बघू!" त्यांनी तिला बाजूला सारलं. टेम्पो धूर सोडत निघूनही गेला.

"आत्याला फोन करू या?" शंकासुर म्हणाला.

"हॉलमधला फोन कुलपात असतो!" थोरलीने टेस्टर खिशात टाकला. "अरे, आत्या गातेसुद्धा! एक हात तारांवर आणि ओठ माईकवर. माईकचा पत्रा जमिनीला जोडलेला असतो. सगळी वीज तिच्या छातीतून जाईल!"

"आणि ती वाजवताना बूट काढते," भिंगरी कुजबुजली.

ते खरं होतं. खालचे सूर तळपायांनी ऐकायचे असतात, असं आत्या नेहमी म्हणायची.

तिघं धावत सुटली. चार गल्ल्या, एक पूल, मग चढ. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं, पण ती थांबली नाही. ओठांवर माईक, एवढंच तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. हॉल जवळ आला तशी पायांखालची फरशीच थरथरू लागली. आत चाळीस माणसं एकाच वेळी आपापल्या गिटारी वाजवून बघत होती.

दारावर रखवालदार. "लहान मुलांना आत सोडत नाही."

"आमची आत्या मरेल हो!" भिंगरी रडत म्हणाली.

"गेल्या महिन्यात एकाची आजी मरत होती. पळा!"

शंकासुराने थोरलीकडे पाहिलं आणि तो रखवालदारासमोर उभा राहिला. "काका, हे दार आत उघडतं की बाहेर? आग लागली तर? आणि तुम्ही आत अडकलात तर दार कोण उघडणार? नियम कुठे लिहिलाय? त्यावर सही कोणाची?"

"अरे, किती बडबडशील!" रखवालदार त्याच्याकडे वळला. तेवढ्यात दोघी त्याच्या पाठीमागून आत शिरल्या.

आत कानठळ्या बसत होत्या. जाड पडदे, पिवळे दिवे आणि माणसांची भिंत. मंचाच्या सिमेंटच्या ओट्यावर नुकताच ओला पोछा मारलेला. आत्या कडेला बूट काढत होती. तिच्या गळ्यात १९६१ सालची गिटार. दाढीवाले वाकून ॲम्पचा प्लग लावत होते.

"आत्याऽऽ!" थोरली जीव तोडून ओरडली. चाळीस गिटारींच्या घुमण्यात तिची हाक तिची तिलाच ऐकू आली नाही. समोर एवढी गर्दी, की मंचापर्यंत पोचायलाच पाच मिनिटं लागली असती.

भिंगरीने तिचा हात ओढला. बाजूच्या भिंतीवर लोखंडी पेटी होती. तिला लाल दांड्याचं मोठं बटण. पेटीवर लिहिलं होतं, 'हात लावू नये'.

आत्या माईकपुढे आली. दाढीवाल्यांचं बोट ॲम्पच्या बटणावर गेलं.

थोरलीने दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळून तो खाली ओढला.

खट्!

दिवे गेले. चाळीस गिटारी एकदम मुक्या झाल्या. त्या शांततेत एक बारीक, चिरका आवाज सगळ्यांना ऐकू आला. "आत्या, गिटार खाली ठेव! हात लावू नकोस! करंट आहे!"

मग एकच गलका! कोणी पडदे ओढले, कोणी शिव्या हासडल्या. "कोणाची ही कार्टी?" "बखोट धरून बाहेर काढा!" दाढीवाले तर लालबुंद झाले. पण आत्याने थोरलीचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि न बोलता गिटार स्टँडवर ठेवली.

"पेटीचा दांडा वर करा, ॲम्पही चालू करा," ती म्हणाली. "आणि गिटारीजवळ कोणी जाऊ नका."

वीज आली. आत्याने थोरलीने खिशातून काढलेला टेस्टर घेतला, बूट परत घातले आणि टोक तारेला लावलं. लाल दिवा शेवटच्या रांगेपर्यंत दिसला.

दाढीवाले मटकन खाली बसले. "मीच तोडली ती तार," ते पुटपुटले. "भुणभुण थांबते ना त्याने. चिठ्ठी बघितली आणि वाटलं, आता अदलाबदल महिनाभर लांबणार. आपण सगळे असंच तर करतो..."

कोणी त्यांना बोल लावला नाही. एकेक वादक मुकाट्याने आपल्या ॲम्पकडे गेला आणि प्लग उघडून बघू लागला. तसे आणखी सात प्लग निघाले.

सगळ्यांत म्हातारा वादक मंचावर चढला. "तीस वर्षं वाजवतोय मी," तो म्हणाला, "आणि यंत्र का कण्हतंय ते न बघता त्याचं तोंड दाबत आलो. या पोरांना आमच्यापेक्षा जास्त कळतं!" तोवर शंकासुर आणि रखवालदारही आत आले होते. म्हाताऱ्याने तिघांना मंचावर बोलावलं. टाळ्या वाजल्या. भिंगरीने सगळ्यांत आधी रखवालदाराकडे बघून जीभ काढून दाखवली.

काका परतल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं, थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. किल्ली त्या दिवसापासून त्यांच्या खिशात राहू लागली. पुढची वीस वर्षं त्यांनी दुकान चालवलं. हिरवी तार तपासल्याशिवाय एकही ॲम्प दाराबाहेर जाऊ दिला नाही. दाढीवाल्यांनी अदलाबदल पुरी केली, पण गिटारीला पुन्हा कधी हात लावला नाही. नंतर ते मुलांना गाणं शिकवू लागले. शंकासुर वकील झाला, तेही नावाजलेला. भिंगरी जहाजावर नोकरीला लागली आणि अर्धं जग फिरून आली. थोरली विजेची इंजिनीयर झाली. तिच्या कॉलेजात त्या वर्गात ती एकटीच मुलगी होती.

आत्याने ती जुनी गिटार सत्तरी ओलांडेपर्यंत वाजवली. त्या दुपारबद्दल ती कधी बोलायची नाही. एकदाच, अगदी शेवटच्या आजारपणात, तिने थोरलीला जवळ बसवून घेतलं. तेव्हा तिने सांगितलं की दिवे गेले त्या क्षणी तिचा हात तारांवर होता, तिने गाण्यासाठी श्वास घेतला होता आणि माईक तिच्या ओठांपासून चार बोटांवर होता.