मागकाढ्या

तपासणीला आलेल्या केतकीने वाडीच्या टाकीतलं पाणी मागकाढ्यात ओतलं आणि देवळापुढे जमलेली सगळी वाडी पुढे सरकली. यंत्र दिसायला चहाच्या थर्मासएवढं. पाण्यात विष्ठा मिसळली आहे का, हे जुन्या चाचण्याही सांगत. मागकाढ्या ती कुणाची, ते सांगे. प्रत्येक प्राण्याच्या आतड्यातले जिवाणू वेगळे आणि एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांचे बरेचसे सारखे. म्हणून तो घरही ओळखे. घरोघरचे नमुने केतकीने आधीच घेतले होते.

वाडीने मात्र निकाल कधीच लावून टाकला होता. हगवणीने दोन मुलं गेली होती: आधी शर्वरी धुमकचा ओजस, मागोमाग जानू झोरेची नात. टाकीत पाणी यायचं ते वरच्या झऱ्यातून आणि झऱ्याच्या वर जानूचा म्हशींचा गोठा.

"तुझ्याच म्हशींनी तुझी नात खाल्ली," शर्वरी सगळ्यांदेखत म्हणाली. जानूलाही ते खरंच वाटत होतं.

ठराव शर्वरीनेच मांडला. ज्याचं निघेल त्याचा नळ तोडायचा आणि त्या घराला घोटभर पाणीही कुणी द्यायचं नाही. सगळ्यांचे हात वर गेले. जानूचाही.

"यंत्र कुणाचं ते सांगतं. का, ते नाही सांगत," केतकी म्हणाली. "पुन्हा विचार करा."

"मॅडम, तुम्ही नाव तेवढं वाचा," सरपंच म्हणाले.

"म्हशीचं नाही, माणसाचं आहे," केतकीने वाचलं. "धुमकांचं घर."

"यंत्र बिघडलंय," शर्वरी म्हणाली आणि तिला ओजसच्या गोधड्या आठवल्या. आजाऱ्याचं अंथरूण घरच्या मोरीत धुवायचं नाही, वाहत्या पाण्यात धुवायचं, ही वाडीची रीत. तिने ती मन लावून पाळली होती, अगदी झऱ्याच्या तोंडाशी, पाणी तिथे सगळ्यात स्वच्छ म्हणून.

रीत सगळ्यांचीच होती, पण तसं कुणी बोललं नाही. अशा वेळी वाडी फार शिस्तीची. सरपंचांनी नळवाल्याला खूण केली आणि तो पाना घेऊन धुमकांच्या घराकडे निघाला. केतकी त्याला अडवायला मागोमाग धावली.

शर्वरीच्या कडेवर धाकटी तापाने फणफणली होती. धाकटीने पाणी मागितलं. शेजारी जानू उभा होता, हातात उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "ठराव तुमचा. हात माझापण वर होता. आता हे पाणी पोरीला देऊ, का तुमचा शब्द पाळू?"