दुसऱ्याच्या घरातला फोटो

बसा, सांगतो. माझी बायको एन्योनाम गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या कार्याला आमच्या या केटा गावात दारावर गेलेल्या माणसाचा मोठा फोटो लावतात. माझ्याकडे एकही नव्हता. समुद्राने आमचं जुनं घर नेलं, तेव्हा फोटोंची पेटीही नेली.

माझी भाची यायरा शिकलेली. तिने फोनवर एक फोटो शोधून काढला. जुन्या घरापुढे, माशांना धुरी द्यायच्या मातीच्या भट्टीजवळ एन्योनाम स्टुलावर बसलेली. कधीकाळी कोणा परदेशी पाहुण्याने तो काढून आपल्या वेबसाइटवर ठेवला होता. यायराने एन्योनामच्या नावाचं एक पान बनवलं आणि तिथे तो दिसू लागला.

"मामा, फोटो आपल्याकडे नाही हं. तो त्या माणसाकडेच आहे. पान उघडलं की तिथून येतो."

"म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीतून बघायचं?"

"तसंच समजा."

"त्याला विचारलंस?"

"तुम्ही पण ना, मामा! फोटोला कोण विचारतं?"

यायरा आपल्या कामाला शहरात गेली. मी रोज दुपारी आक्प्ले, आमची मक्याच्या पिठाची उकड, खाऊन झालं की पान उघडून बसायचो. बाहेर वाळवंटाकडून आलेली धूळ, खाडी पांढरी पडलेली, बोलायला कुणी नाही. एन्योनामला बघितलं की दुपार सरायची.

एके दिवशी भट्टीतून धूर निघत होता. आधी भट्टी थंड होती. म्हटलं, डोळे म्हातारे झाले. मग एके दुपारी तिची मान वळलेली दिसली. समुद्राकडे.

कार्यासाठी यायरा आली, तेव्हा तिला दाखवलं.

"तो माणूसच फोटो बदलत असणार," ती म्हणाली. "न विचारता वापरलं की लोक चिडतात, मुद्दाम दुसरा लावतात. थांबा, माफी मागते."

तिने लिहिलं. उत्तर त्याच्या बहिणीचं आलं. भाऊ वारला होता. वेबसाइट बंद झाली होती, यायराने पान बनवलं त्याच्याही आधी. तिथे आता काहीच नाही, असं बहिणीने लिहिलं होतं.

"मग हे... येतं कुठून, मामा?"

मी फोन तिच्या हातात दिला.

"आपण फोटो फोनमध्ये उतरवून घेऊ," ती हळूच म्हणाली. "मोठा करून दारावर लावू. मग पान पुसून टाकते."

तिने तो उतरवून घेतला. त्यात भट्टी होती, भिंत होती, रिकामं स्टूल होतं. एन्योनाम नव्हती. पान उघडलं, तर तिथे ती होती.

"पुसू ना...?"

"नको."

"मला भीती वाटते, मामा."

"तुझी मामी आहे गं ती. आणि माझ्याकडे दुसरं काय आहे?"

दारावर आम्ही तिचं निळं कापड लावलं. यायरा डोळे पुसत परत गेली.

काल पान उघडलं. एन्योनामच्या शेजारी दुसरं स्टूल होतं. माझं. घराबरोबर समुद्रात गेलेलं, एक पाय आखूड असलेलं. त्या पायाखाली मी नेहमी एक शिंपला सरकवायचो. तो तेवढा नव्हता. स्टूल कललेलं होतं, आणि एन्योनाम ते हाताने सावरून धरून बसली होती.

आज सकाळी उंबऱ्यावर हा माझा तोच शिंपला सापडला. दुपार झाली, ऊन बघताय ना कसं आहे.

हात लावून बघा. अजून ओला आहे.