एकाच माणसाची होडी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी मी सातव्या भागाची चिरफाड करायला बसलो. माझी बायको दिपमाला हिच्या अद्भुत कादंबरीवरून धुळ्याची सारिका वेबकॉमिक काढते. दर भाग मूळ पानांशी ताडून मी वाचकांच्या गटात लिहितो. गटात वाचणारे थोडे, चुका काढणारे बक्कळ. त्यांत पहिला मीच. दिपमाला म्हणायची, "नवरा नाही, ऑडिटर केलाय मी."

ती हिवाळ्यात गेली.

या भागात मेलेली राणी नदी पार करते. होडी एकाच माणसापुरती. हस्तलिखित वाचून मी चिडवलं होतं, "अगं, जरा रुंद कर. भुसावळच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरतेस, आणि इथं नवऱ्याला सोडून निघालीस?"

ती हसली होती. "ही एसटी नाही."

पण सारिकाच्या चित्रात होडीच नव्हती. राणी काठावर पाठमोरी उभी. पदर डाव्या कमरेला खोचलेला, दिपमाला खोचायची तसा. 'मूळ कथेशी विसंगत' अशी नोंद केली आणि गटात टाकण्याआधी सारिकाला फोन लावला.

"काका, मी तिला होडीत बसवलंय की."

मी चित्राचा फोटो पाठवला.

"यातही होडीतच आहे, काका. ऊन फार आहे ना जळगावला? पाणी प्या जरा."

भाग पुन्हा उघडला. राणी आता माझ्याकडे तोंड करून होती. चेहरा पदरात; दिसत होते फक्त ओठ. भेगाळलेले. मागे नदी भरून वाहत होती.

स्वयंपाकघरात मायने आणलेली नवी घागर कोरडीच होती. वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावानं आखाजीला ती भरायची, वर खरबूज आणि सांजोरी ठेवायची. मग ते माणूस पितरांत जातं. सकाळी मी मायला ती भरू दिली नव्हती. घागर भरली की दिपमाला या घरची उरत नाही, एवढाच माझा हिशेब.

माय उंबऱ्यात बसून होती. "बठ्ठा पितरेसले पानी भेटनं रे भाऊ. मन्ही सून तहानेली शे."

"ती पितर नाही, माय."

"मग काय शे?"

मी उठून स्वयंपाकघरात गेलो.

घागर मीच भरली. थोडं पाणी सांडलं. खरबूज मायने ठेवलं.

"जाय व माय," ती घागरीला म्हणाली.

मी फोन उघडला.

होडी होती. राणी तीत बसली होती, पाठमोरी. सारिका खरंच सांगत होती.

मी बघत राहिलो. ती वळली नाही.

गटात लिहिलं, 'भाग मूळ कथेला धरून आहे.' पाठवण्याआधी खात्रीसाठी चित्र मोठं केलं.

होडी रुंद होती. राणी एका कडेला सरकून बसली होती.

शेजारच्या फळीवर रुमाल टाकलेला.